ग्रामसेवेसाठी समाजकार्याचे शिक्षण : रोहा-पेणच्या वाड्या काय शिकवतात?

रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा हे शेजारी तालुके. आचार्य विनोबा भावे यांचा जन्म १८९५ साली पेण तालुक्यातील गागोदे या गावी झाला, तर पांडुरंगशास्त्री आठवले यांचा १९२० साली रोह्यात. सामाजिक नेतृत्वासाठीचा रॅमन मॅगसेसे पुरस्कार विनोबांना १९५८ मध्ये आणि शास्त्रीजींना १९९६ मध्ये लाभला. दोघांपैकी कोणीही समाजकार्याच्या महाविद्यालयाची पायरी चढलेले नव्हते. मग खेड्यातील सेवेसाठी पदवी हवीच कशाला, असे कोणी विचारल्यास तो प्रश्न गैर म्हणता येणार नाही. आमचे उत्तर एवढेच की, अशी माणसे शतकातून एखाददुसरी जन्मतात आणि वाडीवरील कुटुंबाला तितका काळ थांबता येत नाही. सेवाभाव ही देणगी असली तरी सेवेची रीत शिकावी लागते.

शहरात जन्मलेले शास्त्र

आपल्या देशात समाजकार्याच्या शिक्षणाचा आरंभ मुंबईत झाला. अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. क्लिफर्ड मॅन्शर्ट यांनी नागपाड्यातील श्रमिकांच्या वस्तीत केंद्र चालवले आणि त्या अनुभवातून १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या नावे पदव्युत्तर विद्यालय उभे राहिले. १९४४ पासून ते टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. १९५५ मध्ये ‘डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी’ या संघाच्या धर्मभगिनींनी मुंबईतच निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालय सुरू केले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत स्थापन झालेल्या या संघाच्या भगिनी विशिष्ट धर्मवेष परिधान करीत नाहीत. लोकांमध्ये लोकांसारखेच राहावे, हा त्यामागील हेतू.

या शिक्षणाची घडण चाळी, गिरण्या, रुग्णालये आणि बालन्यायालये यांच्या सान्निध्यात झाली. व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य आणि समुदाय संघटन या तिच्या मूळ पद्धती. ग्रामीण भागाकडे वळण्याचे प्रयत्नही झाले. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे १९६२ मध्ये ग्रामीण विकास अभ्यासाचे केंद्र स्थापन झाले आणि टाटा संस्थेने १९८० च्या दशकात तुळजापूरला आपले ग्रामीण संकुल उभारले. तरीही कोकणातील डोंगरउतारावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला आणखी काही शिकावे लागते.

वाडीचे वर्ष आणि विद्यापीठाचे वर्ष

रोहा-पेण परिसरात कातकरी समाजाच्या वाड्या विखुरलेल्या आहेत. महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिम जमाती तीन : कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. खैराच्या लाकडापासून कात काढणे हा कातकऱ्यांचा पूर्वापार व्यवसाय. जंगलावरील निर्बंध वाढत गेले, तसा तो लयास गेला. पुढे कोळशाच्या भट्ट्या, वीटभट्ट्या आणि शेतमजुरी यांवर त्यांचा निर्वाह चालू राहिला. पावसाळ्यात मालकाकडून उचल घ्यायची, दिवाळीनंतर बिऱ्हाड पाठीवर टाकून भट्टीवर जायचे आणि पाऊस तोंडावर आला की परतायचे, हा अनेक कुटुंबांचा वर्षक्रम.

विद्यापीठाचे वर्ष याच्या अगदी उलट चालते. विद्यार्थी जूनपासून वर्गात सिद्धान्त शिकतो, क्षेत्रकार्यात रुळेपर्यंत दिवाळी येते आणि ऐन कामाच्या महिन्यांत वाडीला कुलूप असते. मागे उरतात ती वृद्ध माणसे. आठवड्यातील ठरावीक दिवशी येणाऱ्या विद्यार्थ्याची ‘लोक सहकार्य करीत नाहीत’ अशी समजूत होते. वास्तविक लोक तेथे नसतातच. म्हणून आमच्या मते ग्रामीण समाजकार्याच्या शिक्षणातील पहिली सुधारणा अभ्यासक्रमापेक्षा वेळापत्रकात व्हावयास हवी. पावसाळ्याचे दोन महिने अखंड वाडीवर आणि हिवाळ्यातील काही आठवडे त्याच कुटुंबांसमवेत भट्टीवर, असे क्षेत्रकार्य झाले तरच विद्यार्थ्याला उचलीचा फास दिसेल. मुलांची शाळा नेमकी कोठे तुटते आणि शिक्षण हमी कार्ड तेव्हा कोणाच्या हाती असावे लागते, हेही त्याला तेथेच कळेल.

कागदाचे ज्ञान

दुसरी गोष्ट कायद्याची. अनेक वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर वसलेल्या आहेत; पिढ्यान्‌पिढ्या राहूनही घराखालची जागा आपली नाही. सातबारा आणि आठ-अचा उतारा वाचता न येणारा समाजकार्यकर्ता येथे केवळ सांत्वन करू शकतो. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार आदिवासी दावेदाराचा वनजमिनीवरील ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा असावा लागतो. दाव्यासोबत किमान दोन प्रकारचे पुरावे लागतात आणि गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हा त्यांपैकी एक ठरू शकतो. एवढी माहिती वेळेवर मिळाली, तर एका कुटुंबाची जमीन वाचते.

रायगड जिल्ह्याचा अनुसूचित क्षेत्रात समावेश नसल्यामुळे पेसा कायदा येथे लागू नाही. साहजिकच मोठ्या गावाच्या ग्रामसभेत वाडीचा आवाज क्षीण पडतो. उचलीपोटी माणसाला कामावर अडकवून ठेवणे हा १९७६ च्या कायद्यानुसार वेठबिगारीचा गुन्हा आहे. आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय पेणला आहे. ही माहिती पाठ्यपुस्तकात एका ओळीत मावते, परंतु वाडीवर तिचे मोल फार मोठे आहे.

एकच तालुका, दोन समाज

पेणच्या खारपट्ट्यातील चित्र निराळे आहे. प्रस्तावित महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राबाबत २१ सप्टेंबर २००८ रोजी २२ गावांत जनमत घेण्यात आले. जमीनधारक शेतकऱ्यांना एकत्र येण्याचे बळ होते. वर्षातील निम्मा काळ पांगलेल्या, भूमिहीन कातकऱ्यांना ते कोठून यावे? समुदाय संघटनाचा एकच धडा दोन्हीकडे गिरवता येत नाही, हे विद्यार्थ्याने येथे शिकावे.

शेवटची कसोटी

जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रियांनाच आरोग्यसेविका म्हणून घडवले. प्रशिक्षण अखेर गावातच रुजले पाहिजे, हे त्यांनी दाखवून दिले. रोहा-पेणमध्येही बाहेरून येणारा पदवीधर दोन वर्षांनी निघून जाणार, हे गृहीत धरूनच शिक्षणाची आखणी व्हावी. तो गेल्यावर वाडीतील एखादी कातकरी तरुणी स्वतः दावा भरू शकते काय, प्रांत कार्यालयातून जातीचा दाखला मिळवू शकते काय आणि उचलीचा हिशेब मालकासमोर मांडू शकते काय, हे पाहावे. महाविद्यालयाने विद्यार्थ्याला गुण द्यायचे, ते या प्रश्नांच्या उत्तरांवरून.