दुसरे मत

आपल्याकडे मतदाराच्या हातात एकच मत असते, असे आपण गृहीत धरून चालतो. पण स्वतंत्र भारताच्या पहिल्या दोन सार्वत्रिक निवडणुकांत लाखो मतदारांच्या हातात दोन मते होती. १९५२ साली लोकसभेच्या ४०१ मतदारसंघांपैकी ८६ मतदारसंघ द्विसदस्य होते. तिथे एक जागा सर्वसाधारण आणि दुसरी बहुतेक ठिकाणी अनुसूचित जातींसाठी राखीव, काही ठिकाणी जमातींसाठी. मतदार मात्र एकच. सवर्ण असो वा दलित, प्रत्येकाने दोन उमेदवारांना दोन मते द्यायची. त्यामुळे पक्षांना जोडीने उमेदवार उभे करावे लागत आणि मतदाराला एकट्या उमेदवाराबरोबर त्याच्या जोडीदाराचाही विचार करावा लागे.

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक आली की एक चर्चा हटकून होते : उपाध्यक्षपदाचा उमेदवार पाहून लोक मत देतात का? आपल्याकडे उपराष्ट्रपती खासदार निवडतात, उपमुख्यमंत्री तर निकालानंतर ठरतो. तेव्हा हा प्रश्न आपला नव्हे असे वाटते. माझे म्हणणे असे की तो आपलाही होता, आणि त्याची आपण दिलेली किंमत मोठी होती. मतदार जोडीदाराला कसे जोखतो याचा सर्वांत बोलका पुरावा मुंबईच्या गिरणगावात, म्हणजे पर्यायाने रत्नागिरी जिल्ह्याच्या दुसऱ्या घरात, नोंदला गेला आहे.

आधी थोडे मागे जाऊ. १९३५च्या कायद्याखाली १९३७ साली प्रांतिक निवडणुका झाल्या, तेव्हा मुंबई प्रांतात अनेक जागांचे मतदारसंघ होते. तिथे मतदाराला जितक्या जागा तितकी मते असत आणि ती सगळी एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकण्याची मुभा होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या एकवट मतदानाचा आग्रह धरला होता. कारण उघड होते. पुणे करारानंतर राखीव जागेवरचा प्रतिनिधी सगळ्यांच्या मतांवर निवडला जाणार होता, आणि संख्येने थोड्या असलेल्या समाजाला आपली ताकद दाखवायची तर मते एकवटण्यावाचून मार्ग नव्हता. त्या निवडणुकीत त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने चांगले यश मिळवले. अनंतराव चित्रे आणि शामराव परुळेकर हे त्या पक्षाचे सवर्ण आमदार कोकणच्या शेतकरी चळवळीतले बिनीचे कार्यकर्ते होते. त्याच वर्षी सप्टेंबरात बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे त्यांचे मूळ गाव आणि दापोलीत त्यांचे बालपणीचे काही दिवस गेलेले, त्यामुळे खोतीचा जाच त्यांना कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. महार आणि कुणबी कुळे एका मागणीखाली उभी राहिली, ती याच मातीत.

स्वातंत्र्यानंतर नियम बदलला. १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने मतदाराला जागांइतकी मते दिली, पण एका उमेदवाराला एकाहून अधिक मत द्यायला मनाई केली. दोन्ही मतपत्रिका एकाच पेटीत टाकल्या तर त्यांतली एकच मोजली जायची. पंधरा वर्षांपूर्वी जी शहाणपणाची युक्ती होती, ती आता मत फुकट घालवण्याची रीत ठरली. मराठी राजकारणाने तिला नेमके नाव दिले : मत कुजवणे.

१९५२च्या जानेवारीत मुंबई शहर उत्तर या द्विसदस्य मतदारसंघात मतदान झाले. हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर कायदेमंत्रिपद सोडून आलेले बाबासाहेब शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनतर्फे राखीव जागेवर उभे होते. समाजवादी पक्षाशी युती झाल्याने त्यांचे जोडीदार होते अशोक मेहता. काँग्रेसची जोडी विठ्ठल बाळकृष्ण गांधी आणि नारायण सदोबा काजरोळकर यांची. कम्युनिस्ट पक्षाचे श्रीपाद अमृत डांगे एकटे, जोडीदाराविना. मतमोजणीचे आकडे असे : गांधी १,४९,१३८, मेहता १,३९,७४१, काजरोळकर १,३८,१३७, आंबेडकर १,२३,५७६, डांगे ९६,७५५.

या आकड्यांकडे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. त्यांतली पहिली गंमत म्हणजे दुसऱ्या क्रमांकाची मते मिळवणारे मेहता हरले आणि तिसऱ्या क्रमांकाचे काजरोळकर निवडून आले, कारण राखीव जागेचा हिशेब वेगळा होता. अनुसूचित जातीच्या उमेदवारांत ज्याला जास्त मते, त्याची ती जागा. बाबासाहेब त्या हिशेबात १४,५६१ मतांनी मागे पडले.

हा पराभव कशाने झाला, याची उत्तरे तेव्हापासून दिली जात आहेत. सगळ्यांत प्रसिद्ध उत्तर डांग्यांकडे बोट दाखवते. एक मत डांग्यांना द्या आणि दुसरे कुजवा, असा प्रचार झाल्याची तक्रार मेहता आणि आंबेडकर दोघांनी मिळून निवडणूक अर्जाद्वारे केली. निकाल बदलला नाही. पण साधे अंकगणित सांगते की डांग्यांच्या दर सहा मतदारांपैकी एकाने जरी कुजवलेले मत बाबासाहेबांना दिले असते, तरी काजरोळकर मागे पडले असते. हे मतदार कोण होते? परळ, लालबागच्या चाळींतले गिरणी कामगार. त्यांतला मोठा भाग कोकणातला, रत्नागिरी जिल्ह्यातून आलेला, दर महिन्याला गावी मनिऑर्डर करणारा. खोतीविरुद्ध ज्यांच्यासाठी बाबासाहेब विधिमंडळात उभे राहिले, त्या कुळांचे हे मुलगे आणि भाऊ.

मात्र सगळा दोष डांग्यांच्या माथी मारून मोकळे होणे मला पटत नाही. जोड्यांच्या आतले अंतर पाहा. मेहतांपेक्षा आंबेडकरांना १६,१६५ मते कमी. ही युती ठरली होती, सभा एकत्र झाल्या होत्या, तरीही इतकी गळती. शिवाय ही वजाबाकी निव्वळ आहे. फेडरेशनच्या काही मतदारांनी बाबासाहेबांना मत देऊन मेहतांना दिले नसेल, तर उलट बाजूची गळती याहूनही मोठी असणार. आता काँग्रेसची जोडी पाहा. गांधींपेक्षा काजरोळकरांना ११,००१ मते कमी. पक्ष एक, नेहरूंचा प्रभाव एक, निशाणी एक. आणि तरीही गळती आहे, तीही त्याच दिशेने. दोन्ही जोड्यांत मागे पडला तो राखीव जागेवरचा उमेदवार. दोन्ही आकडे एकाच दिशेला झुकतात तेव्हा त्याचे स्पष्टीकरण एखाद्या पुढाऱ्याच्या आवाहनात शोधून भागत नाही. ते मतदाराच्या मनात शोधावे लागते.

कायद्याच्या लेखी दोन्ही मते सारखीच होती. पहिले आणि दुसरे असा भेद त्यात कुठेच नव्हता. तो भेद लोकांनी केला. ज्याच्या नावापुढे ‘राखीव’ हा शब्द लागला तो जोडीतला दुय्यम, ही समजूत इतकी घट्ट होती की राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्षसुद्धा तिच्यातून सुटला नाही. विद्वत्ता, अनुभव, देशभरचा लौकिक, कशाच्याही मापाने मोजले तरी त्या जोडीतला थोरला कोण हे सांगावे लागू नये. मतपेट्यांनी मात्र त्याला धाकटा ठरवले.

निशाणीचाही वाटा होता. निरक्षर मतदारासाठी तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे. काँग्रेसच्या मतदाराला फक्त बैलजोडी ओळखायची होती. जोडीची कल्पना त्या चित्रातच होती. मेहता-आंबेडकरांच्या मतदाराला मात्र वडाचे झाड आणि हत्ती अशा दोन वेगळ्या निशाण्या ध्यानात ठेवायच्या होत्या. दोन पक्षांच्या युतीचा अर्थ पुढाऱ्यांना कळतो. चाळीतल्या माणसाला तो झाड आणि हत्ती यांच्यातल्या अंतराएवढा लांब वाटू शकतो.

दोन वर्षांनी, १९५४ साली, भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत हीच जोडी पुन्हा उभी राहिली. मेहता निवडून आले. बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून सुमारे आठ हजार मतांनी हरले. आपल्या मतदारांना दुसरे मत कुजवायला सांगावे, असा सल्ला काही कार्यकर्त्यांनी त्यांना दिला होता आणि तो त्यांनी धुडकावला, अशी आठवण सांगितली जाते. त्यांच्या जोडीदाराला मिळालेला विजय पाहता ही आठवण आकड्यांशी जुळते. जोडीचा शब्द एका बाजूने पाळला गेला. दुसऱ्या बाजूने तो पुरता पोहोचला नाही.

हे दुखणे केवळ आपल्या जातिव्यवस्थेचे नव्हे, दोन मतांच्या पद्धतीचेही आहे, हे अमेरिकेचा जुना इतिहास सांगतो. सुरुवातीला तिथल्या प्रत्येक निर्वाचकाला दोन मते असत आणि कोणते अध्यक्षासाठी, कोणते उपाध्यक्षासाठी, हे लिहायची सोय नव्हती. ज्याला सर्वाधिक मते तो अध्यक्ष, त्याच्या खालचा उपाध्यक्ष. १७९६ साली जॉन अ‍ॅडम्सच्या काही पाठीराख्यांना भीती वाटली की जोडीदार पिंकनी अ‍ॅडम्सच्या पुढे जाईल, म्हणून त्यांनी पिंकनीला मते दिली नाहीत. परिणाम असा की अ‍ॅडम्सना ७१, पिंकनींना ५९ आणि मधल्या जागी ६८ मतांचे विरोधी जेफर्सन. अध्यक्ष एका पक्षाचा, उपाध्यक्ष दुसऱ्याचा. १८०० साली उलटे झाले. जेफर्सनच्या बाजूने कुणीच मत राखले नाही आणि जेफर्सन व जोडीदार बर दोघांना ७३-७३ मते पडली. प्रतिनिधिगृहात छत्तीस वेळा मतदान घेतल्यावर पेच सुटला. शेवटी १८०४ साली बाराव्या घटनादुरुस्तीने दोन पदांची दोन वेगळी मते केली. पुढे पक्षांनी दोघांची नावे एकाच मतात बांधली, आणि आज अमेरिकन मतदाराला जोडीदार वेगळा करून नाकारताच येत नाही. त्यामुळे तो जोडीदारावरून त्याला निवडणाऱ्याची पारख करतो. १९८८ साली डॅन क्वेल यांच्या योग्यतेबद्दल उघड शंका घेतल्या गेल्या, तरी थोरल्या बुश यांनी चाळीस राज्ये जिंकली. लोकांनी त्या निवडीबद्दल नाक मुरडले आणि मत बुशना दिले. मुंबईच्या मतदाराला मात्र जोडी फोडण्याची मुभा होती, आणि त्याने ती वापरली.

मग जोडी टिकते तरी केव्हा? याचे उत्तर १९५७ने दिले. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत मुंबई शहर मध्य या द्विसदस्य मतदारसंघात समितीची जोडी उभी होती : सर्वसाधारण जागेवर डांगे आणि राखीव जागेवर फेडरेशनचे गोपाळ काळूजी माने. दोघेही निवडून आले. ज्यांच्या पाठीराख्यांवर पाच वर्षांपूर्वी मते कुजवल्याचा आरोप होता, त्याच पुढाऱ्याच्या शेजारी या वेळी आंबेडकरांच्या पक्षाचा उमेदवार गिरणगावाने दिल्लीला पाठवला. बाबासाहेब मात्र हे पाहायला नव्हते. ६ डिसेंबर १९५६ला त्यांचे निधन झाले होते.

त्याच निवडणुकीत रत्नागिरी मतदारसंघाने जनसंघाच्या प्रेमजीभाई आसर यांना निवडले आणि शेजारच्या राजापूरने प्रजासमाजवादी नाथ पै यांना. एक उजवीकडचा, दुसरा समाजवादी. एक नाव गुजराती वळणाचे, तेही मराठी भाषकांच्या राज्यासाठी मागितलेल्या मतांवर विजयी. या जागा एकेकट्या होत्या, पण नियम तोच दिसतो. कोकणी मतदाराने शेजारी कोण बसला आहे हे पाहिले नाही, गाडी कुठे जाते आहे ते पाहिले. युती वरच्या पातळीवर ठरते तेव्हा मतदार जोडीदाराची जात, निशाणी, नाव तपासत बसतो. मागणी खालून आलेली असली की तीच माणसे जोडीदाराला आपले म्हणतात. १९३८च्या खोतीविरोधी मोर्च्यात महार आणि कुणबी एकत्र चालले, तेव्हाही हेच घडले होते.

द्विसदस्य पद्धत फार टिकली नाही. १९५७ साली आंध्रमध्ये पार्वतीपुरमला उलटा प्रकार झाला. सर्वाधिक मते मिळवणारे दोघेही अनुसूचित जमातीचे निघाले, दोघांनीही जागा घेतल्या आणि कामगार नेते व्ही. व्ही. गिरी हरले. राखीव उमेदवार सर्वसाधारण जागाही जिंकू शकतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली दिला. १९६१च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघच मोडीत निघाले. गिरी पुढे उपराष्ट्रपती आणि राष्ट्रपती झाले, हा दैवाचा वेगळाच विनोद.

मतदारसंघ तोडल्याने हिशेब सोपा झाला. राखीव मतदारसंघात सगळे उमेदवार अनुसूचित जातीचे, त्यामुळे कुणाला दुय्यम ठरवून मत कुजवण्याचा प्रश्न उरला नाही. पण एक गोष्ट हरवलीही. एकाच माणसाने एकाच दिवशी सवर्ण आणि दलित अशा दोघांना आपले प्रतिनिधी म्हणून निवडण्याचा प्रसंग लोकसभेच्या निवडणुकीतून गेला. आज नगरपरिषदेच्या प्रभागात आपण ‘अ’ आणि ‘ब’ जागांसाठी दोन मते देतो तेव्हा तो प्रसंग लहान रूपात परत येतो. दोन्ही जागांच्या याद्या वेगळ्या असल्याने मत कुजत नाही, इतकी सुधारणा झाली आहे. मात्र ‘अ’ला मन लावून मत देऊन ‘ब’ला कुणीही चालेल असे म्हणणारा मतदार आपल्यातच आहे. पहिले मत आपली आवड सांगते. आपण कुणाला बरोबरीचा मानतो ते दुसऱ्या मतावरून कळते, आणि १९५२ साली मुंबईने ते आकड्यांत लिहून ठेवले आहे.