जुहूला उतरलेली विमाने

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी पार्ल्यातल्या एका मंडळाच्या स्मरणिकेत मी जुहू विमानतळावर लेख लिहिला होता. त्यात एक वाक्य होते : २८ मे १९६८ रोजी इंडोनेशियाच्या 'गरुडा' कंपनीचे विमान सांताक्रूझ समजून जुहूला उतरले, धावपट्टी ओलांडून पुढे गेले, पण सुदैवाने कोणी दगावले नाही. हकीकत मुळात वडिलांची. पुढे छापील मजकुरातही ती सापडली, तेव्हा दोन साक्षी जुळल्या म्हणून मी निर्धास्त होतो. महिन्याभराने नालासोपाऱ्याहून एका गृहस्थांचे पोस्टकार्ड आले. ते विमान आमच्या गावाजवळ पडले, आतले कोणी वाचले नाही, जमिनीवरचाही एक माणूस गेला. आपण कोणी दगावले नाही असे लिहिले आहे, ते कशाच्या आधारावर?

पोस्टकार्ड अजून माझ्या फायलीत आहे. त्यांचेच बरोबर होते. गरुडाचे ते कॉनव्हेअर ९९० जातीचे विमान सांताक्रूझहून कराचीला जायला निघाले आणि थोड्याच वेळात नालासोपाऱ्याजवळ कोसळले. जुहूशी त्याचा संबंध नाही. मग वडिलांनी पाहिलेले विमान कोणते? ते शोधता शोधता मी या विषयात ओढला गेलो. पेशाने मी इतिहासकार नाही आणि वैमानिक तर नाहीच. पण नकाशे वाचायला शिकलो, धावपट्टीवरच्या आकड्यांचा अर्थ शिकलो, आणि शनिवार-रविवार जुन्या वर्तमानपत्रांच्या फायलींत घालवले.

वडिलांनी पाहिलेले विमान जपानचे होते. तारीख २४ सप्टेंबर १९७२. जपान एअरलाइन्सचे डीसी-८ लंडनहून टोकियोकडे निघालेले, वाटेत मुंबईचा थांबा. सकाळच्या वेळी ते सांताक्रूझऐवजी जुहूला टेकले, धावपट्टी अपुरी पडली आणि टोकापलीकडे जाऊन अडकले. काही जण जखमी झाले. प्राण कोणाचाही गेला नाही. विमान मात्र पुन्हा उडाले नाही, ते मोडीतच निघाले. तेव्हा मी आईच्या पोटात होतो. आमच्या भागातली माणसे घरातून निघून कुंपणापर्यंत गेली आणि जत्रेला जावे तसे ते विमान पाहून आली. वडीलही गेले होते. शेपटीवरच्या पक्ष्याचे चित्र त्यांच्या लक्षात राहिले. जपान एअरलाइन्सची खूण करकोचा, आणि गरुडा म्हणजे तर पक्षीच. स्मरणात एकाचे दुसरे व्हायला एवढे पुरे झाले असावे.

चाळीत या घटनेचे एकच स्पष्टीकरण चाले : पायलट प्यालेला होता, नाहीतर झोपलेला होता. मीही बरीच वर्षे तेच धरून होतो. नकाशा पुढे ठेवल्यावर ते मला पटेनासे झाले.

जुहूची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. सांताक्रूझचीही तशीच. धावपट्टीला जो क्रमांक देतात तो होकायंत्रावरच्या तिच्या दिशेचा असतो, शेवटचे शून्य गाळलेला. समुद्राकडून येऊन पूर्वेकडे तोंड करून उतरायचे असेल तर सांताक्रूझची पट्टी ०९ क्रमांकाची आणि जुहूची ०८. म्हणजे दिशेत फरक थोड्याच अंशांचा. जुहूचे पूर्वेकडचे टोक आणि सांताक्रूझच्या पट्टीची सुरुवात यांच्यात जेमतेम दोन किलोमीटर अंतर. समुद्र संपतो, वाळू लागते, माडांची रांग जाते आणि समोर पहिली दिसते ती जुहूची पट्टी, थोडी डाव्या हाताला. उतरायच्या बेतातले जेट विमान सेकंदाला सत्तर मीटर जाते. म्हणजे चुकीची पट्टी आणि बरोबर पट्टी यांच्यात अर्ध्या मिनिटाचा अवकाश. त्यात २४ सप्टेंबर म्हणजे विषुवदिनाचा दुसरा दिवस. सूर्य नेमका पूर्वेला उगवतो, आणि सकाळी पूर्वेकडे तोंड करून उतरणाऱ्याच्या डोळ्यांत येतो. त्या वैमानिकाला ऊन किती लागले हे मी सांगू शकत नाही, पण त्या आठवड्यात सकाळी जुहूच्या वाळूत पाण्याकडे पाठ करून उभे राहून पाहा, शहर कसे दिसते ते कळेल.

लांबीतला फरक मात्र मोठा आहे. जुहूची पट्टी सुमारे अकराशे चाळीस मीटर. सांताक्रूझची आज साडेतीन किलोमीटरच्या जवळपास. पण लांबी वरून सहज कळत नाही, विशेषतः पट्टीकडे तोंड करून खाली येताना.

अशा दोन पट्ट्या एकमेकींजवळ आल्या कशा, याचे उत्तर पावसात आहे. जुहूचा विमानतळ १९२८ सालचा, देशातला पहिला नागरी विमानतळ. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन आले ते इथेच. जागा खाजणाची. पावसाळ्यात ती चिखलाने भरायची आणि टाटांची टपालसेवा तेवढ्यापुरती पुण्याला हलायची. दुसऱ्या महायुद्धात सांताक्रूझचा लष्करी तळ मोठा झाला आणि युद्धानंतर नागरी वाहतूक तिकडे गेली. जुहू बंद झाले नाही. लहान विमानांसाठी राहिले. आजही तिथे बॉम्बे फ्लाइंग क्लब आहे आणि बॉम्बे हायच्या तेलविहिरींवर जाणारी हेलिकॉप्टरे तिथूनच उठतात. नव्या घरात राहायला गेलो तरी जुने घर मोडवत नाही, तसे झाले. दोन्ही घरांची दारे एकाच रस्त्याला आणि एकाच दिशेला, एवढाच घोळ.

आणि जपानी वैमानिक पहिला नव्हता. १५ जुलै १९५३ रोजी ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेजचे कॉमेट असेच जुहूला उतरले होते. कॉमेट म्हणजे जगातले पहिले प्रवासी जेट, त्या काळचा केवढा दिमाख! त्याच वर्षी २ मे रोजी कलकत्त्याहून निघालेले एक कॉमेट वादळात सापडून पडले होते आणि त्यातले सर्व ४३ जण गेले होते. त्यानंतर अडीच महिन्यांनी, ऐन पावसाळ्यात, ही चूक. तेवढ्याशा पट्टीत ते विमान थांबवले गेले आणि काही दिवसांनी तिथूनच उडवून नेले गेले. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातले सर्वांत अवघड उड्डाण तेच असावे.

१९५३ साली शहराला इशारा मिळाला होता, आणि १९७२ साली तीच चूक त्याच जागी झाली. दोन वैमानिकांना दोष देऊन हे संपत नाही. शिवाय हे मुंबईपुरतेही नव्हते. लंडनला हीथ्रोच्या उत्तरेला नॉर्थोल्टचा हवाई दलाचा तळ आहे. ऑक्टोबर १९६० मध्ये पॅन अ‍ॅमचे बोइंग ७०७ हीथ्रो समजून तिथे उतरले. दोन्हीकडच्या वाटांवर गॅस साठवायच्या प्रचंड टाक्या होत्या आणि वैमानिक त्यांची खूण धरत. इंग्रजांनी त्या टाक्यांवरच भलीमोठी अक्षरे रंगवली : एकीवर हीथ्रोसाठी 'एलएच', दुसरीवर नॉर्थोल्टसाठी 'एनओ'. डोळा फसला, तर डोळ्यालाच दिसेल असे काहीतरी करायचे. मला हा उपाय अतिशय आवडतो. वैमानिकाला अधिक सावध राहा असे सांगण्यात त्यांनी रंग वाया घालवला नाही.

डोळ्याइतकाच कान फसतो, आणि तिथे नियंत्रकाचा संबंध येतो. मोकळ्या हवेत वैमानिकाने विमानतळ दिसल्याचे कळवायचे आणि मनोऱ्याने उतरायची परवानगी द्यायची, अशी रीत. पण 'दिसला' या शब्दात कोणता दिसला हे नसते. बोलणारा एक पाहत असतो, ऐकणारा दुसरा धरून चालतो, आणि संभाषणात कुठे काही खटकत नाही. इन्स्ट्रुमेंट लँडिंग सिस्टिम, म्हणजे पट्टीच्या रेषेत विमानाला खाली आणणारे रेडिओ संकेत, वापरली की ही फट बरीच बुजते, कारण संकेत त्या एकाच पट्टीचा असतो.

२७ मार्च १९७७ रोजी तेनेरीफला दोन जंबो जेट एकाच पट्टीवर धडकली आणि ५८३ माणसे गेली. केएलएमच्या वैमानिकांच्या बोलण्यातून आपण उड्डाण सुरू केले असे सुचत होते. मनोऱ्याने ते उड्डाणाच्या जागी थांबले आहेत असे घेतले आणि 'ओके' म्हटले. पुढचे शब्द पॅन अ‍ॅमच्या बोलण्यावर आदळून शिटीसारख्या आवाजात बुडाले. त्यानंतर नियम झाला की 'टेकऑफ' हा शब्द फक्त परवानगी देताना किंवा ती रद्द करताना उच्चारायचा. एरवी 'डिपार्चर' म्हणायचे. एका शब्दाला असे कुलूप घातले गेले. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदाला जपान एअरलाइन्सचे एअरबस उतरताना तटरक्षक दलाच्या विमानावर आदळले. तटरक्षकांचे पाच जण गेले. एअरबसमधले ३७९ जण पेटत्या विमानातून बाहेर पडले. तटरक्षकांच्या विमानाला 'नंबर वन' असे म्हटले गेले होते, म्हणजे रांगेत पहिले. त्यानंतर जपानने तो शब्दप्रयोग काही काळ थांबवला.

त्याच वर्षी ८ जूनला आपल्या सांताक्रूझच्या २७ क्रमांकाच्या पट्टीवरून एअर इंडियाचे विमान उठत असतानाच मागून इंडिगोचे विमान टेकले. त्याची चित्रफीत बहुतेक वाचकांनी पाहिली असेल. माझ्या भाच्याने ती मला पाठवली आणि खाली लिहिले, "मामा, कंट्रोलर झोपला होता का?"

पुढच्या रविवारी मी त्याला घेऊन जुहूला गेलो. नकाशा पिशवीत होता. नालासोपाऱ्याच्या गृहस्थांना मी त्या वेळी लगेच उत्तर लिहिले होते, चूक कबूल केली होती आणि दुरुस्ती छापायची विनंती मंडळाला केली होती. स्मरणिका वर्षातून एकदाच निघायची. पुढच्या वर्षी ती निघालीच नाही. म्हणून ती दुरुस्ती इथे.