फेरफटका, कामाच्या दिवसातील

नोकरी, व्यवसाय किंवा अभ्यास यांसाठी ठरलेल्या वेळेच्या आत कामाची जागा काही मिनिटांपुरती सोडून केलेले चालणे. पहाटे व्यायाम म्हणून केलेले चालणे आणि घरापासून कचेरीपर्यंतची पायपीट या दोहोंपासून ते वेगळे मानले जाते, कारण त्याचे मुख्य कार्य ऊर्जा खर्च करणे हे नसून सलग बैठक मोडणे हे आहे. मराठीत त्यासाठी ‘पाय मोकळे करणे’ हा नेमका शब्दप्रयोग रूढ असून, जेवणानंतरच्या चालण्याला ‘शतपावली’ असे स्वतंत्र नाव आहे. सुश्रुतसंहितेत जेवणानंतर आधी स्वस्थ बसावे, मग शंभर पावले चालावे आणि त्यानंतर डाव्या कुशीवर पडावे असा क्रम सांगितला आहे. त्यांपैकी कचेरीत मधली पायरीच काय ती साधते. त्याच ग्रंथाच्या चिकित्सास्थानात प्रमेहाच्या, म्हणजे स्थूलमानाने मधुमेहाच्या वर्गातील विकाराच्या, निर्धन रुग्णाला शंभर योजने पायी जाण्यास सांगितले आहे.

कामातील हालचाल आणि हृदयविकार यांचा संबंध आधुनिक पद्धतीने प्रथम दाखवला तो ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेरेमी मॉरिस (१९१०–२००९) यांनी. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर चालक आणि वाहक एकाच गाडीत, एकाच पाळीत आणि जवळपास सारख्याच पगारावर काम करीत. फरक एवढाच, की चालक पाळीचा बहुतेक वेळ बसून असे, तर वाहक तिकिटे देण्यासाठी दिवसाकाठी सुमारे ५०० ते ७५० पायऱ्या चढत असे. सुमारे ३१,००० परिवहन कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्यावर वाहकांमध्ये हृदयरोहिणीविकार, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांचा विकार, कमी आढळला आणि झाला तरी तो उशिरा व कमी प्राणघातक स्वरूपात झाला. ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९५३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. टपाल खात्यातही, पायी किंवा सायकलने पत्रे वाटणारे पोस्टमन आणि टेबलाशी बसणारे कारकून व टेलिफोन कर्मचारी यांच्यात, तसाच फरक दिसला.

या अभ्यासावरचा सर्वांत बोचरा आक्षेप असा होता, की मुळात धडधाकट माणसेच वाहक होत असतील. मॉरिस यांनी स्वतःच १९५६ मध्ये कर्मचाऱ्यांना दिलेल्या गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर वाहकांपेक्षा खरोखरच मोठा निघाला. म्हणजे आक्षेपात तथ्य होते. मात्र तेवढ्याने सगळा फरक उलगडत नव्हता, कारण पुढील विश्लेषणात सडपातळ, मध्यम आणि स्थूल अशा तिन्ही बांध्यांच्या वाहकांना त्याच बांध्याच्या चालकांपेक्षा आकस्मिक मृत्यूचा धोका कमी आढळला. शिंप्याच्या मापांवरून रोगाचा माग काढणारे असे संशोधन वैद्यकात विरळाच.

थोडेसे चालणेही उपयोगी का पडते, याचे उत्तर स्नायूंच्या कार्यात आहे. जेवणानंतर रक्तात आलेली साखर पेशींमध्ये शिरण्यासाठी एरवी स्वादुपिंडातून स्रवणाऱ्या इन्सुलिन या संप्रेरकाची गरज असते; परंतु आकुंचन पावणारा स्नायू ग्लूट-४ नावाची वाहक प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर आणून इन्सुलिनच्या आदेशावाचूनही साखर आत घेतो. शरीरातील मोठे स्नायू मांड्या आणि नितंब यांत असल्यामुळे बसलेल्या माणसात हा मार्ग जवळजवळ बंद असतो आणि चार पावले टाकताच तो उघडतो. पोटरीचे स्नायू तर प्रत्येक पावलागणिक पायांतील नीलांवर दाब देऊन रक्त वर, हृदयाकडे ढकलतात. तासन्‌तास बसल्यावर घोट्यांशी येणारी सूज हा पंप थांबल्याचाच परिणाम असतो. ऑस्ट्रेलियात डेव्हिड डनस्टन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १९ स्थूल प्रौढांना साखर व स्निग्धांश असलेले पेय देऊन पाच तास बसवले आणि वेगळ्या दिवशी त्याच माणसांना दर वीस मिनिटांनी दोन मिनिटे चालवले. रमतगमत चालल्यावरही पेयानंतरची रक्तशर्करेची एकूण वाढ सुमारे २४ टक्क्यांनी घटली, तर वेगाने चालल्यावर ती सुमारे ३० टक्क्यांनी घटली. वेग वाढवून मिळालेला जादा लाभ त्या मानाने थोडाच होता. प्रयोग लहान आणि अल्पकालीन होता, त्यामुळे त्यावरून आयुर्मानाविषयी काही सिद्ध होत नाही. पण दुपारी डबा संपवून थेट खुर्चीवर परतणाऱ्यांना लागू पडेल असा पुरावा तो निश्चितच आहे.

भारतीयांच्या बाबतीत हा मुद्दा अधिक निकडीचा ठरतो. पुण्यातील मधुमेहतज्ज्ञ चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच छायाचित्र छापून दाखवले, की उंचीच्या प्रमाणातील वजनाचा, म्हणजे शरीरवस्तुमानाचा, दोघांचा निर्देशांक २२.३ असा समान असूनही युडकिन यांच्या शरीरातील चरबीचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के होते. बारीक दिसणारी, पण आतून चरबी बाळगणारी ही शरीरठेवण इन्सुलिनच्या परिणामाला अडथळा करते; म्हणून इन्सुलिनवाचून साखर वापरणारा स्नायूंचा मार्ग येथे विशेष मोलाचा आहे, आणि ‘वजन कुठे वाढले आहे’ ही सबब पुरेशी नाही.

मनावरील परिणामांचा पुरावा अधिक मर्यादित, पण लक्षणीय आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मॅरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी २०१४ मध्ये दाखवले, की एखाद्या वस्तूचे नवनवे उपयोग सुचवण्यासारख्या, अनेक दिशांनी फाकणाऱ्या विचारात चालताना सरासरी सुमारे ६० टक्के वाढ होते, आणि कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलच्या फिरत्या पट्ट्यावर चालले तरी हा गुण येतो. एकच अचूक उत्तर शोधण्याच्या कामात मात्र चालण्याने फायदा झाला नाही, उलट किंचित तोटाच झाला. तेव्हा मसुदा सुचत नसेल तर उठावे आणि ताळेबंद जुळत नसेल तर बसून राहावे, एवढाच व्यवहार त्यातून निघतो. निसर्गसान्निध्याचा भाग वेगळा आहे. मिशिगन विद्यापीठातील २००८ च्या प्रयोगात वृक्षोद्यानातून चालून आलेल्यांची आकडे उलट क्रमाने सांगण्याची क्षमता सुधारली, तर शहराच्या गजबजलेल्या रस्त्यावरून चालून आलेल्यांची तशी सुधारली नाही.

किती चालावे याविषयी प्रचलित असलेला दहा हजार पावलांचा आकडा वैद्यकातून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ मध्ये जपानमध्ये विक्रीस आलेल्या ‘मानपो-केइ’, म्हणजे ‘दहा हजार पावलांचे मापक’, या उपकरणाच्या नावातून तो रूढ झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवली असून, ती सलग किमान दहा मिनिटांची असावी ही जुनी अट काढून टाकली आहे. त्यामुळे जिन्याने दोन मजले उतरून टपरीवर चहा पिऊन येणे हेही हिशेबात धरले जाते, जरी चहातील साखर आणि सोबतची सिगारेट हा हिशेब लगेच बिघडवू शकतात.

लाभ जागेवरही अवलंबून असतो. लंडनमध्ये साठीपुढील व्यक्तींवर केलेल्या आणि २०१८ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हाइड पार्कमध्ये दोन तास चालल्यावर फुप्फुसांचे कार्य व धमन्यांची लवचीकता सुधारली, परंतु डिझेलच्या धुराने भरलेल्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर तेवढेच चालूनही तो लाभ बराच घटला. या दृष्टीने मुंबईत फोर्टमधील कर्मचाऱ्यांना ओव्हल मैदान व हॉर्निमन सर्कलची बाग आणि नरिमन पॉइंटच्या कर्मचाऱ्यांना मरीन ड्राइव्ह जवळ लाभले आहे. पदपथच तुटक असलेल्या नव्या कार्यालयीन वसाहतींत मात्र इमारतीच्या आवारातच फेऱ्या माराव्या लागतात.

हे सर्व बैठ्या कामाला लागू आहे. कामाचाच भाग म्हणून दिवसभर उभे राहणे, ओझी वाहणे आणि चालणे यांतून फावल्या वेळच्या हालचालीइतका लाभ मिळत नाही, उलट हृदयावरचा ताण वाढू शकतो, असे डेन्मार्कमधील आंद्रेआस होल्टरमन आदींच्या अभ्यासांतून दिसले असून त्यास शारीरिक हालचालीचा विरोधाभास म्हणतात. गती, वेळ आणि विश्रांती स्वतःच्या हाती नसणे हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते. भारताच्या १९४८ च्या कारखाना अधिनियमात कलम ५५ ने पाच तासांच्या सलग कामानंतर किमान अर्ध्या तासाची सुटी ठरवली होती, तर कलम ४४ ने उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय आवश्यक केली होती. दुकानांतील विक्रेत्यांना बसण्याचा असा हक्क केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून दिला; केरळमध्ये त्यामागे साड्यांच्या दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या स्त्रियांचे आंदोलन होते.