वेबसाईटचं नाव कसं निवडावं? ‘वारजे’चं स्पेलिंग, गुगलचा शोध आणि नोंदणी, जाणून घ्या सविस्तर

वारजे (पुणे) : दुकान असो, नर्सरी असो, मंगल कार्यालय असो की शेतमालाची थेट विक्री, गिऱ्हाईक आता आधी मोबाईलवर शोधतं. वेबसाईट काढायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो नावाचा. या नावालाच डोमेन म्हणतात. ते एकदा पाटीवर, पावतीवर आणि टेम्पोवर रंगवलं की बदलणं महागात पडतं. त्यामुळे नाव घेण्याआधीच थोडा विचार केलेला बरा.

डोमेन म्हणजे नेमकं काय?

डोमेन म्हणजे वेबसाईटचा पत्ता. त्याचे दोन भाग असतात. पुढचं नाव आपण ठरवायचं आणि मागे डॉट कॉम, डॉट इन असं शेपूट लागतं. जगातलं पहिलं डॉट कॉम नाव १५ मार्च १९८५ रोजी नोंदवलं गेलं. इंग्रजी नावात अक्षरं, आकडे आणि मधे आडवी रेघ (डॅश) एवढंच चालतं. नाव जास्तीत जास्त ६३ अक्षरांचं असू शकतं, पण एवढं लांब नाव कोणी टाईप करत नाही. डोमेन कायमचं विकत मिळत नाही. वर्षाच्या हिशेबाने पैसे भरावे लागतात. एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी घेता येतं.

मराठी नाव, इंग्रजी स्पेलिंग

मराठी माणसाची खरी अडचण इथे आहे. ‘वारजे’ इंग्रजीत डब्ल्यूने लिहायचं की व्हीने? सरकारी कागदावर आणि नकाशावर डब्ल्यू दिसतो, पण ऐकून टाईप करणारा माणूस सहज व्ही टाकतो. ‘दूध’ कोणी दोन ‘ओ’ घालून लिहितं, कोणी ‘यू’ घालून. ‘शेती’च्या शेवटी एखादा ‘आय’ लावतो, दुसरा दोन ‘ई’ लावतो.

यावर सोपी परीक्षा आहे. ठरवलेलं नाव चार-पाच जणांना फोनवर सांगायचं आणि लिहून पाठवायला सांगायचं. सगळ्यांचं स्पेलिंग एकसारखं आलं तर नाव चांगलं. दोन प्रकारे आलं तर दोन्ही नावं घ्यावीत आणि दुसरं पहिल्याकडे वळवून ठेवावं. वेगळेपणासाठी मुद्दाम अक्षरं बदलू नयेत. आकडा आणि डॅशही शक्यतो टाळावा. ‘टू’ म्हटल्यावर आकडा लिहायचा की अक्षर, हे ऐकणाऱ्याला कळत नाही.

नावात शब्द कोंबले की गुगलवर वर येतं का?

पूर्वी हा प्रकार फार चालायचा. ‘पुण्यातील स्वस्त ताजं दूध’ असं आख्खं वाक्यच लोक डोमेन म्हणून घ्यायचे. सप्टेंबर २०१२ मध्ये गुगलने यावर बदल केला. साईटमध्ये दम नसेल तर केवळ शोधाचे शब्द आणि नाव जुळतं म्हणून ती वर येणार नाही, असा तो बदल होता. आज नावातल्या शब्दांचा थेट फायदा फार थोडा आहे. साईटवर काय माहिती आहे, ती मोबाईलवर नीट उघडते का, याला जास्त वजन आहे.

मग शोधात सापडणारं नाव म्हणजे कोणतं? जे लोकांच्या तोंडात बसतं आणि ऐकून बरोबर टाईप होतं ते. धंदा कळेल असा एखादा शब्द असायला हरकत नाही, पण एकच.

गावाचं नाव घालावं का?

गिऱ्हाईक त्याच भागातलं असेल तर फायदा होतो. वारजे माळवाडीतलं मंगल कार्यालय नावात वारजे लावू शकतं. पण तीन गोष्टी बघाव्यात. एक, गावाचं नाव वेगळं ओळखू येतं का? नुसतं ‘वडगाव’ घातलं तर वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक की वडगाव मावळ, हा घोळ होतो. दोन, धंदा उद्या दुसऱ्या तालुक्यात गेला तर नाव आड येईल का? तीन, गावांची नावंही बदलतात. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव आणि औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं.

जवळपासच्या शोधात दिसायचं असेल तर गुगलच्या नकाशावर धंद्याची नोंद करावी. ती फुकट आहे. तिथे पत्ता, फोन आणि वेळ बरोबर टाकावी.

डॉट कॉम, डॉट इन की डॉट भारत?

डॉट कॉम सगळ्यांच्या ओळखीचं आहे, म्हणून चांगली नावं आधीच गेलेली असतात. डॉट इन हे भारताचं शेपूट आहे. ‘निक्सी’ ही संस्था त्याचा कारभार बघते. गिऱ्हाईक भारतातलंच असेल तर ते पुरेसं आहे. देवनागरीतलं डॉट भारत २०१४ पासून मिळतं. त्यात डब्ल्यू-व्हीची भानगड नाही, पण ऱ्हस्व-दीर्घ सांभाळावं लागतं आणि असा ईमेल पत्ता सगळीकडे चालत नाही. म्हणून मराठी नाव घेतलं तरी जोडीला इंग्रजी नाव ठेवावं. डॉट जीओव्ही डॉट इन फक्त सरकारी कामासाठी आहे.

दुसऱ्याच्या नावाजवळ जाऊ नका

नावाजलेल्या कंपनीच्या नावात एखादं अक्षर बदलून नाव घेणं अंगलट येतं. ‘रेडिफ’ असताना कोणी ‘रॅडिफ’ नाव घेतलं, तेव्हा प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. १९९९ मध्ये न्यायालयाने रेडिफच्या बाजूने मनाई हुकूम दिला. डोमेनला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळायला हवं, असं म्हटलं. २००४ मध्ये ‘सत्यम इन्फोवे’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही तेच तत्त्व मानलं.

नोंदणी कोणाच्या नावावर? सातबारासारखं बघा

सगळ्यात मोठा फटका इथे बसतो. साईट बनवणारा पोरगा स्वतःच्या ईमेलवर नाव नोंदवतो. पुढे भांडण झालं किंवा त्याने फोन उचलणं बंद केलं, तर पैसे भरूनही नाव हातात राहत नाही. जमीन कोणी कसतंय यापेक्षा सातबारावर कोणाचं नाव आहे ते महत्त्वाचं, तसंच हे.

पैसे देण्याआधी एवढं करून घ्यावं :

- नोंदणी मालकाच्या नावाने, त्याच्याच ईमेल आणि मोबाईल नंबरवर असावी.
- खात्याचा पासवर्ड मालकाकडे असावा. पावतीही स्वतःच्या नावाची घ्यावी.
- पहिल्या वर्षाचा स्वस्त भाव बघून भुलू नये. दुसऱ्या वर्षी किती लागतील ते आधी विचारावं.
- मुदतीची तारीख लिहून ठेवावी. मुदत टळली की साईट बंद पडते, दंडासह पैसे भरावे लागतात आणि शेवटी नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो.
- जुनं नाव बदलावंच लागलं तर ते लगेच सोडू नये. नव्याकडे वळवून निदान काही वर्षं चालू ठेवावं, म्हणजे जुनं गिऱ्हाईक आणि गुगल दोघंही वाट चुकणार नाहीत.