जुना मोबाईल बादलीच्या बदल्यात देताय? आधी हे वाचा

धानाचे पैसे हातात आले की आमच्या लाखांदूर तालुक्यात नवीन मोबाईलची खरेदी सुरू होते आणि जुना फोन कपाटात जातो. मग एक दिवस दारावर भोंगा वाजतो, "जुना मोबाईल, फुटका मोबाईल, बंद मोबाईल!" बदल्यात बादली, टब नाहीतर शे-दोनशे रुपये. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, त्यामुळे गावी गेलो की हमखास विचारतात, "फोन बंदच आहे, देऊन टाकू का?" माझं उत्तर असतं, नको. का, ते बघू.

बंद फोनचं ते काय करतात?

ऑगस्ट २०२४ मध्ये तेलंगणातल्या रामगुंडम पोलिसांनी तिघांना पकडलं. त्यांच्याकडे पोत्यांत भरलेले सुमारे ४ हजार जुने मोबाईल सापडले. लोकांकडून किरकोळ मोबदल्यात गोळा केलेले हे फोन सायबर ठगांकडे जाणार होते, असं पोलिसांनी सांगितलं.

स्क्रीन फुटली किंवा बॅटरी मेली तरी मदरबोर्ड बहुतेक वेळा शाबूत असतो. त्यावर दोन गोष्टी असतात: तुमचा डेटा आणि १५ अंकी आयएमईआय नंबर. हा नंबर म्हणजे फोनची ओळख. त्या फोनमध्ये कोणतं सिम चाललं, याची नोंद टेलिकॉम कंपनीकडे असते. उद्या त्याच बोर्डावरून कुणाला फसवलं, तर तपास करणारे आधी तुमच्यापर्यंत येऊ शकतात. फोन कुणाला दिला याचा कागदच नसेल, तर सांगणार काय?

विकण्याआधी या क्रमाने करा

१. फोटो, कॉन्टॅक्ट आणि व्हॉट्सअॅपचा बॅकअप घ्या. यूपीआय आणि बँकेची अॅप्स आधी नव्या फोनवर सुरू करा.
२. सिम आणि मेमरी कार्ड काढा. मेमरी कार्ड विसरणारे खूप असतात.
३. सेटिंगमध्ये जाऊन गूगल अकाउंट काढा. आयफोन असेल तर 'फाइंड माय' बंद करा.
४. त्यानंतरच फॅक्टरी रिसेट करा. अकाउंट न काढता बटणं दाबून रिसेट केलं, तर फोन सुरू होताना जुनंच अकाउंट मागतो. चोरी रोखण्यासाठीचं हे लॉक आहे, पण घेणारा तेच कारण सांगून भाव पाडतो.
५. *#०६# डायल करून आयएमईआय लिहून ठेवा.

साध्या डिलीटपेक्षा रिसेट बरा, कारण आजच्या अँड्रॉइड फोनमध्ये डेटा कुलूपबंद स्वरूपात साठवलेला असतो. रिसेट केल्यावर त्या कुलपाची किल्लीच नष्ट होते. फोन सुरूच होत नसेल, तर ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडून एकदा सुरू करून घ्या. नाहीच झाला, तर विकू नका, रिसायकलला द्या.

कुठे विकायचा?

कॅशिफायसारख्या साइटवर मॉडेल टाकलं की अंदाजे भाव दिसतो. पिकअप आपल्या पिनकोडवर आहे का, ते आधी तपासा. नसेल तरी त्या भावाचा स्क्रीनशॉट घेऊन वडसा, ब्रह्मपुरी किंवा साकोलीच्या दुकानात जा. घासाघीस करायला आधार मिळतो.

एक्सचेंज करताना नुसता मोठा आकडा बघू नका. समजा नवा फोन ऑनलाइन १५,००० ला आहे आणि जुन्याचे ४,००० मिळतात, म्हणजे खिशातून ११,०००. तोच नवा फोन दुकानात १४,००० ला मिळत असेल आणि जुना बाहेर ३,५०० ला जात असेल, तर लागतात १०,५००. शेवटी खिशातून किती गेले, तेच मोजा.

कुणालाही विकलात तरी साध्या कागदावर तारीख, आयएमईआय, घेणाऱ्याचं नाव, नंबर आणि सही घ्या. आणि हो, पैसे *घेताना* यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. "क्यूआर स्कॅन करून पिन टाका, पैसे येतील" म्हणणारा ठगच.

फोन विकण्यालायक नसेल तर?

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या हिशोबाप्रमाणे १० लाख फोनमधून सुमारे ३४ किलो सोनं निघतं. म्हणजे एका फोनमध्ये जेमतेम ०.०३४ ग्रॅम. एवढ्यासाठी घरी बोर्ड जाळणं किंवा अॅसिडमध्ये टाकणं म्हणजे विषारी धूर ओढवून घेणं. कारखान्यात लाखोंनी फोन येतात, म्हणून तिथे परवडतं. टोकियो ऑलिंपिकची पदकं अशाच जुन्या मोबाईल आणि इतर उपकरणांतून काढलेल्या धातूंची होती.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार रिसायकलिंगची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर आहे. आपल्या ब्रँडच्या वेबसाइटवर कलेक्शन सेंटर शोधा किंवा सर्व्हिस सेंटरला विचारा. बॅटरी फुगलेली असेल तर चार्ज करू नका, टोचू नका आणि कुरिअरनेही पाठवू नका.

जुना फोन घेणाऱ्यांसाठी

इंग्रजी अक्षरांत केवायएम, मग जागा सोडून आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. उत्तरात ब्लॅकलिस्टेड किंवा डुप्लिकेट आलं, तर कितीही स्वस्त असला तरी तो फोन घेऊ नका.

घरातल्या मोठ्यांनाही हे सांगून ठेवा. भोंगा वाजतो तेव्हा आपण कॉलेजात किंवा कामावर असतो. दारात आई नाहीतर आजी असते, आणि बादली तिला खरंच उपयोगाची वाटते.