इंधन व भाजीपाला

सरकारी शाळेतल्या जेवणाचा इतिहास लिहायला घेतला, तर त्यात तांदूळ फार आणि भाजी थोडी सापडेल. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राची योजना आली तेव्हा आमच्याकडे शिजवायचा प्रश्नच नव्हता. महिन्याची ८० टक्के हजेरी भरली की मुलाच्या पिशवीत ३ किलो तांदूळ. मी तेव्हा मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते. वाटपाच्या दिवशी अंगण आयाबायांनी भरून जायचं. तांदूळ घरी गेला की तो साऱ्या घराचा, हे त्यांनाही ठाऊक आणि आम्हालाही.

२८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलंच अन्न द्या असं बजावलं: किमान ३०० कॅलरी, ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं, वर्षातून किमान २०० दिवस. मग शाळेत चूल पेटली, आणि लोक अख्ख्या योजनेलाच ‘खिचडी’ म्हणू लागले.

२००९ च्या निकषांत पाचवीपर्यंतच्या मुलामागे रोज ५० ग्रॅम भाजी होती. साठ पोरांना ३ किलो. तांदूळ-डाळ गाडीने यायची, भाजी मात्र गावात घ्यायची, तीही ‘इंधन व भाजीपाला’ या एकाच शीर्षातल्या पैशांतून. सरपण महागलं की पालेभाजी गायब आणि बटाटा हजर. बिल निघेपर्यंत उधारी मुख्याध्यापकांच्या नावावर. पोरं भाजी खात नाहीत, या तक्रारीचं अर्धं मूळ मला त्या शीर्षात दिसतं. ताटात टोमॅटोच्या दोनच फोडी असल्या तर त्या निवडून काठाला लावायला कितीसा वेळ लागतो?

आमच्या स्वयंपाकाच्या मावशी मुलांना पुरून उरायच्या. लाल भोपळा किसून डाळीबरोबरच शिजवायच्या, निवडायला काही उरायचंच नाही. पुढे हात धुण्याचं पाणी चर काढून वाफ्यांत सोडलं. मेथी, पालक, दोडका, कुंपणाला शेवगा. केंद्राने शाळांच्या परसबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या २०१९ मध्ये. आमचा शेवगा तोवर कौलांच्या वर गेला होता. वाफे वर्गावार वाटलेले. चौथीची मेथी खिचडीत पडली की चौथीतलं एकही पोर ती बाजूला काढायचं नाही. तिसरीची तेवढी कडू लागायची. उन्हाळा लागला, हातपंप आटला, की पुन्हा बटाटा.

फळाची पाळी फार उशिरा आली. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्यातून एक अंडं ठरवलं, आणि अंडं न खाणाऱ्याला केळं. माझी सून आमच्या शाळेच्याच तालुक्यात शिकवते. ती सांगते, तेव्हा केळ्यांचा घड दिसला की अंडं खाणाऱ्या घरातलीही दोन-चार पोरं हटकून ‘आम्ही नाही खात’ म्हणायची.