दोन स्पीकर की सहा? एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

पडद्यावरील नट डावीकडून उजवीकडे चालत जातो. त्याचा आवाज मात्र एकाच जागी खिळलेला राहतो. बोलपटांच्या आरंभकाळातील ही विसंगती ॲलन ब्लुमलाइन या ब्रिटिश अभियंत्याला खटकली. १४ डिसेंबर १९३१ रोजी त्याने स्टिरिओ ध्वनीच्या पेटंटसाठी अर्ज केला. आज संगीताशी जोडला जाणारा स्टिरिओ असा चित्रपटगृहातील प्रश्नातून जन्मला.

त्यामागील विज्ञान सोपे आहे. बाजूने येणारा ध्वनी एका कानाला आधी व किंचित मोठा ऐकू येतो. वेळेतील हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. तरी मेंदू त्यावरून दिशा ओळखतो. दोन स्पीकरांतून सारखाच आवाज आला आणि श्रोता दोहोंपासून समान अंतरावर असला, तर गायक मधोमध, जिथे स्पीकरच नाही तिथे, उभा असल्याचा भास होतो.

पण बाजूच्या खुर्चीवर हा भास टिकत नाही. आवाज जवळच्या स्पीकरकडे ओढला जातो. २७ एप्रिल १९३३ रोजी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने फिलाडेल्फियातील वाद्यवृंद वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला, तो तीन स्वतंत्र वाहिन्यांवरून: डावी, मधली आणि उजवी.

पुढे वाटा वेगळ्या झाल्या. तबकडीच्या खाचेला भिंती दोनच. म्हणून १९५८च्या सुमारास घरोघरी पोहोचू लागलेला स्टिरिओ दोन वाहिन्यांचा राहिला. ब्लुमलाइनला तो दिवस दिसला नाही. १९४२ मध्ये रडारच्या चाचणीदरम्यान विमान अपघातात त्याचा मृत्यू झाला. चित्रपटगृहांनी मात्र संवादांसाठी मधला स्पीकर स्वीकारला, मग भोवतालचेही जोडले. १९७५ च्या ‘शोले’ने ७० मिलिमीटर पडद्यासोबत स्टिरिओफोनिक ध्वनीची जादू भारतीय प्रेक्षकांना दाखवली. पुढे डीव्हीडीबरोबर ‘५.१’ दिवाणखान्यात आले: पाच स्पीकर आणि एक सबवूफर.

मर्यादित पैशांत संगीत आणि चित्रपट दोन्ही साधायचे असतील, तर हा इतिहासच मार्ग दाखवतो. मधला स्पीकर रुंद सभागृहाची गरज होती. दोन-तीन माणसे समोरासमोर बसतात त्या खोलीत ती बरीच कमी होते. तेच पैसे सहा सामान्य खोक्यांत विभागण्यापेक्षा समोरच्या दोन उत्तम स्पीकरांवर खर्च करणे अधिक शहाणपणाचे. दोन स्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण साधावा. बहुवाहिनी ॲम्प्लिफायर असल्यास ‘मधला स्पीकर नाही’ अशी नोंद करता येते. मग संवाद दोन्ही स्पीकरांत समान वाटले जातात. सुमारे ८० हर्ट्झखालील ध्वनीची दिशा कानाला सहसा कळत नाही, म्हणून पुढे एकच सबवूफर जोडला तरी भागते. भोवतालचे स्पीकर त्यानंतर, सवडीने.